टीव्हीवर पीसी गेम खेळताना कंट्रोलरची भांडणं कशी सोडवायची

मेनूत एकदा खाली दाबलं की खूण दोन ओळी खाली जाते. एकटेच खेळताय, तरी गेम तुम्हाला 'प्लेयर २' म्हणतो. उजवी स्टिक हलवली की कॅमेऱ्यासोबत माउसचा बाणही पडद्यावर धावतो. पीसीवरचा गेम घरच्या वायफायवरून टीव्हीवर आणून खेळणाऱ्यांच्या या नेहमीच्या तक्रारी. जवळपास सगळे जण दुरुस्ती मात्र चुकीच्या टोकाकडून सुरू करतात. गेमच्या सेटिंगमध्ये शिरून बटणं बदलत बसतात. तासाभराने सगळी बटणं उलटीपालटी झालेली असतात आणि मूळ दुखणं जागच्या जागी असतं.

गेमची सेटिंग ही साखळीतली शेवटची कडी आहे. तुम्ही दाबलेलं बटण आधी टीव्हीला कळतं, मग टीव्हीवरच्या ॲपला, तिथून नेटवर्कने पीसीवरच्या होस्ट प्रोग्रामला, म्हणजे गेमचं चित्र टीव्हीकडे पाठवणाऱ्या प्रोग्रामला. तो प्रोग्राम विंडोजमध्ये एक नकली पॅड, म्हणजे नकली कंट्रोलर, उभा करतो. स्टीम (गेम विकत घेऊन चालवायचा पीसीवरचा प्रोग्राम) चालू असेल तर ते या नकली पॅडचा ताबा घेऊन गेमला आणखी एक नकली पॅड दाखवतं. यातल्या दोन कड्यांनी एकच दाब वेगवेगळा पुढे पाठवला की गेमला दोन पॅड दिसणारच. म्हणून खालचा प्रत्येक टप्पा एकाच गोष्टीसाठी आहे: एका पॅडचा सिग्नल गेमपर्यंत एकाच वाटेने जावा.

मुंबईच्या घरांत यात आणखी एका कारणाची भर पडते. वन बीएचकेत पीसी बेडरूममध्ये आणि टीव्ही हॉलमध्ये असतो, मध्ये एकच भिंत. टीव्हीसमोर बसून पॅड चालू केला तरी बेडरूममधला पीसी ब्लूटूथच्या टप्प्यात असतो. पॅड कुणाला जोडला जाईल हे मग तुमच्यापेक्षा पॅडच ठरवतो.

पुढचं सगळं विंडोज १० किंवा ११ असलेला पीसी आणि अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्ही धरून लिहिलं आहे. स्ट्रीमिंगसाठी एकतर स्टीम लिंक ॲप, नाहीतर टीव्हीवर मूनलाइट (चित्र दाखवणारं ॲप) आणि पीसीवर सनशाइन (त्याचा होस्ट प्रोग्राम).

## तयारी

पीसीला खरा कीबोर्ड आणि माउस लावलेला असू द्या, शक्यतो वायरचा. पॅड दुरुस्त करताना पॅडनेच मेनू चालवायला गेलात तर काय कशाने हललं ते कळणार नाही.

पॅडसाठी यूएसबी केबल लागेल, आणि ती डेटा जाणारी हवी. पॉवर बँकेबरोबर मिळणाऱ्या बऱ्याच केबलींतून फक्त चार्जिंग होतं. पॅडचा दिवा लागतो, विंडोजला मात्र काही दिसत नाही. लॅमिंग्टन रोडला केबल घेणार असाल तर दुकानातच फोन लॅपटॉपला जोडून फाइल दिसते का ते बघून घ्या.

जुना एक्सबॉक्स पॅड विकत घेतला असेल तर त्यात ब्लूटूथ आहे का तेही आधी बघा. मधल्या एक्सबॉक्स बटणाभोवतीचं प्लास्टिक पॅडच्या पुढच्या तोंडाचाच भाग असेल तर ब्लूटूथ आहे. तेच प्लास्टिक वरच्या एलबी-आरबी बटणांच्या पट्टीला सलग असेल तर तो जुना पॅड, त्यात ब्लूटूथ नाही. असा पॅड टीव्हीला वायरशिवाय जोडायला कितीही वेळ घालवलात तरी जोडला जाणार नाही.

एक कागद घ्या. घरातल्या प्रत्येक पॅडचं नाव आणि तो आजवर कशाकशाला जोडला होता ते लिहा: फोन, टीव्ही, पीसी, पुतण्याचा लॅपटॉप. पुढे टप्पा ३ मध्ये ही यादी लागेल.

## टप्पा १: सगळं काढा आणि मोजा

१. पीसीला लावलेले सगळे पॅड, डोंगल, रेसिंग व्हील, जॉयस्टिक काढा. व्हील कपाटाच्या मागे असतं आणि त्याची वायर पीसीलाच राहिलेली असते, ते विसरू नका.

२. स्टीम पूर्ण बंद करा. खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबून ते बंद होत नाही. खाली उजवीकडे घड्याळाजवळच्या चिन्हावर राइट क्लिक करून 'एक्झिट' निवडा.

३. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा. चौकट उघडेल, त्यात जॉय डॉट सीपीएल टाइप करा: जे-ओ-वाय, मग टिंब, मग सी-पी-एल, मध्ये जागा न सोडता. एंटर दाबा.

आता उघडलेली यादी म्हणजे विंडोजला दिसणारे पॅड. ती रिकामी हवी.

तपासा: यादीत एकही नोंद उरली असेल तर ती कुणाची ते सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. 'प्लेयर २'चा गुन्हेगार बहुतेक वेळा इथेच सापडतो. विंडोजची एक्सइनपुट ही पद्धत जास्तीत जास्त ४ पॅड ओळखते. पहिली जागा एखाद्या विसरलेल्या यंत्राने किंवा नकली पॅडने अडवली असेल तर तुमचा पॅड दुसऱ्या जागेवर जातो.

सावधान: या यादीत पॅडच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन ट्रिगर तपासले आणि एलटी-आरटी (डावा-उजवा ट्रिगर) एकदम दाबल्यावर काहीच हललं नाही, तर पॅड खराब झाला असं समजू नका. एक्सबॉक्स पद्धतीच्या पॅडचे दोन्ही ट्रिगर ही जुनी खिडकी एकाच अक्षावर दाखवते. एक डावीकडे ओढतो, दुसरा उजवीकडे, आणि मधोमध काटा स्थिर राहतो. गेममध्ये ते वेगवेगळेच लागतात.

## टप्पा २: वाट ठरवा

पॅडचा सिग्नल पीसीपर्यंत नेण्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट: पॅड टीव्हीला जोडायचा, बाकी स्ट्रीमिंग ॲप बघून घेईल.

दुसरी वाट: पॅड थेट बेडरूममधल्या पीसीलाच जोडायचा आणि टीव्हीवर फक्त चित्र-आवाज आणायचा. छोट्या घरात ही वाट बऱ्याचदा सगळ्यांत बिनत्रासाची ठरते आणि तिचा विचारच कुणी करत नाही. एक भिंत आणि पंधरा फूट अंतर चांगल्या पॅडला जड जात नाही. ब्लूटूथचा डोंगल कॅबिनेटच्या मागे न लावता यूएसबी एक्स्टेन्शनने दाराच्या बाजूला आणा. हे अंतरासाठी तर आहेच, पण यूएसबी ३.० च्या पोर्टमधून आणि केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात चालतं.

तिसरी वाट: व्हर्च्युअलहिअरसारखा प्रोग्राम वापरून टीव्हीच्या यूएसबीला लावलेला पॅड नेटवर्कवरून पीसीला 'खराखुरा' जोडायचा. रेसिंग व्हीलसारख्या विचित्र यंत्रांसाठी ही चांगली. साध्या पॅडसाठी एवढा खटाटोप करायची गरज नाही.

कुठलीही निवडा, पण एकच. पहिली आणि दुसरी 'दोन्ही असू द्यात, एक बंद पडली तर दुसरी' असा विचार करणारे पुढे दुहेरी दाबाने हैराण होतात.

## टप्पा ३: जुन्या ओळखी पुसा

पॅड चालू केला की तो शेवटच्या ओळखीच्या यंत्राला शोधतो. रविवारी भाच्याने तो फोनला जोडला असेल तर सोमवारी तो फोनलाच शोधणार. म्हणून कागदावरच्या यादीतल्या प्रत्येक यंत्रावरून पॅडची नोंद काढायची.

विंडोजमध्ये (नावं विंडोज ११ ची, १० मध्ये थोडी वेगळी): सेटिंग्ज, मग ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, पॅडच्या नावापुढचे तीन टिंब, आणि 'रिमूव्ह डिव्हाइस'.

टीव्हीवर: सेटिंग्जमध्ये रिमोट्स अँड ॲक्सेसरीज, तिथे पॅडचं नाव, आणि 'फरगेट' किंवा 'अनपेअर'. टीव्हीच्या कंपनीप्रमाणे मेनूची नावं थोडी बदलतात.

मग ठरवलेल्या वाटेप्रमाणे एकाच यंत्राशी नव्याने पेअर करा:

एक्सबॉक्स पॅड चालू करा आणि वरच्या कडेचं छोटं पेअर बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरा.

ड्युअलसेन्स बंद असताना क्रिएट आणि पीएस बटण एकत्र दाबून धरा. ड्युअलशॉक ४ असेल तर शेअर आणि पीएस. ड्युअलसेन्स हट्टाने जुन्याच यंत्राकडे जात असेल तर पाठीवरच्या बारीक भोकात पिन घालून साधारण ५ सेकंद दाबा, त्याने तो रीसेट होतो.

सावधान: टीव्हीशी पेअर करताना पॅड पळून पीसीला जोडला जाऊ नये म्हणून पीसीचं ब्लूटूथ तेवढ्यापुरतं बंद करणं ही सोपी युक्ती आहे. पण तुमचा माउस-कीबोर्डही ब्लूटूथचा असेल तर तोही मरेल. तयारीत वायरचा कीबोर्ड सांगितला तो यासाठीसुद्धा.

एक्सबॉक्स सीरीजच्या पॅडला एक सोय आहे जी फार जणांना माहीत नसते. तो एक ब्लूटूथची ओळख आणि एक एक्सबॉक्सच्या स्वतःच्या वायरलेसची ओळख, अशा दोन्ही लक्षात ठेवतो. पीसीला एक्सबॉक्सचा वायरलेस डोंगल असेल तर पीसी त्या डोंगलवर ठेवा, टीव्ही ब्लूटूथवर. पेअर बटण पटकन दोनदा दाबलं की पॅड एकीकडून दुसरीकडे जातो. पुन्हापुन्हा पेअर करत बसावं लागत नाही.

## टप्पा ४: पीसीवरचे दलाल बंद करा

पॅड आणि गेम यांच्या मध्ये बसून सिग्नल बदलून देणारे प्रोग्राम हे घर भाड्याने घेतानाच्या दलालांसारखे असतात: एक असेल तर काम होतं, दोन असले की दोघेही आपापला हिस्सा मागतात. तुमच्या पीसीवर किती आहेत ते बघा.

डीएस४विंडोज हा सगळ्यांत नेहमीचा. तो प्लेस्टेशनच्या पॅडवरून नकली एक्सबॉक्स पॅड बनवतो. कधीतरी बसवलेला असतो, विंडोजबरोबर आपोआप सुरू होतो आणि घड्याळाजवळ गुपचूप बसतो. रीवॉस्ड आणि जॉयटूकी हे त्याचे भाऊबंद. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' यादीत जाऊन या सगळ्यांचं आपोआप सुरू होणं बंद करा.

पहिल्या वाटेने, म्हणजे टीव्हीला पॅड जोडून खेळणाऱ्याला यातल्या एकाचीही गरज नाही. सनशाइन किंवा स्टीम ते काम करतंच.

दुसऱ्या वाटेने प्लेस्टेशनचा पॅड थेट पीसीला जोडणाऱ्याने मात्र निवड करायची: डीएस४विंडोज किंवा स्टीम इनपुट (पॅडचा सिग्नल बदलून देणारी स्टीमचीच सोय). डीएस४विंडोज ठेवणार असाल तर जोडीला हिडहाइड हवं. ते खरा पॅड गेमपासून लपवतं, नाहीतर गेमला खरा आणि नकली असे दोन्ही दिसतात. दुहेरी दाबाचं सगळ्यांत नेहमीचं कारण हेच.

सावधान: डीएस४विंडोज काढून टाकलं तरी हिडहाइड मागे राहतं, आणि पॅड लपवतच राहतं. पॅड जोडलेला दिसतो, दिवा लागतो, पण एकही गेम त्याला ओळखत नाही, असं झालं तर हिडहाइड उघडून लपवलेल्या यंत्रांच्या यादीतली खूण काढा.

जुन्या गेमसाठी कधी एक्स३६०सीई (दुसरा पॅड एक्सबॉक्स ३६० चा भासवणारा प्रोग्राम) वापरलं असेल तर त्या गेमच्या फोल्डरमध्ये एक्सइनपुट नावाने सुरू होणारी डीएलएल फाइल पडलेली असू शकते. एकच गेम वेडा वागतोय आणि बाकी सगळे ठीक आहेत, तर तिथे बघा. फाइल पुसू नका, दुसरीकडे हलवून गेम चालवून बघा.

तपासा: पीसी रीस्टार्ट करा, स्टीम न उघडता पुन्हा जॉय डॉट सीपीएल बघा. यादी अजूनही रिकामी हवी. दुसरी वाट निवडली असेल तर पॅड चालू केल्यावर बरोबर एक नोंद यायला हवी आणि पॅड बंद केल्यावर ती जायला हवी.

## टप्पा ५: स्ट्रीमिंग ॲपची सेटिंग

### मूनलाइट आणि सनशाइन वापरणाऱ्यांसाठी

पीसीच्या ब्राउझरमध्ये सनशाइनचं पान उघडा. ते लोकलहोस्टवर ४७९९० या पोर्टला असतं. पत्ता एचटीटीपीएसने सुरू करा. ब्राउझर 'सुरक्षित नाही' म्हणून घाबरवेल. हा तुमच्याच पीसीवरचा पत्ता आहे, पुढे जा. कॉन्फिगरेशनमध्ये 'इनपुट'चा भाग काढा.

पहिल्या वाटेने खेळत असाल तर 'एनेबल गेमपॅड इनपुट' चालू हवं. दुसरी किंवा तिसरी वाट असेल तर ते बंद करा. मग टीव्हीला चुकून एखादा पॅड जोडला गेला तरी सनशाइन नकली पॅड बनवणार नाही. ही एक खूण काढल्याने निम्मी भांडणं मिटतात.

त्याच जागी नकली पॅडचा प्रकार निवडता येतो. 'ऑटोमॅटिक'वर सनशाइन टीव्हीला लावलेला पॅड बघून ठरवतं: प्लेस्टेशनचा असेल तर ड्युअलशॉक ४ बनवतं, नाहीतर एक्सबॉक्स ३६०. जुने गेम ड्युअलशॉक ओळखत नाहीत. टीव्हीच्या मेनूत सगळं चालतं पण गेम पॅडला दाद देत नाही, अशा वेळी इथे एक्सबॉक्स ३६० पक्कं करा. टचपॅड आणि जायरो (पॅड हलवून नेम धरायची सोय) गमावाल, पण गेम चालेल.

पॅड मुळीच दिसत नसेल तर व्हिजेमबस हा ड्रायव्हर बसलेला आहे का ते बघा. विंडोजवर सनशाइन नकली पॅड त्याच्याच मदतीने बनवतं.

आता टीव्हीवरच्या मूनलाइटच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी बघा. पॅड आहे की नाही ते आपोआप ओळखण्याचा पर्याय चालू ठेवा. तो बंद केलात तर मूनलाइट पॅड नसतानाही एक पॅड 'आहे' असं पीसीला सांगत राहतं, म्हणजे पहिली जागा भुताने अडवली. संगणकावरच्या मूनलाइटमध्ये हेच उलट्या शब्दांत आहे: 'गेमपॅड १ कायम जोडलेला धरा' अशा अर्थाची खूण, ती काढलेली हवी.

दुसरं, स्टार्ट बटण दाबून धरलं की पॅड माउस बनण्याची सोय. डेस्कटॉपवर ती कामाची आहे. पण ज्या गेममध्ये स्टार्ट दाबून धरावं लागतं तिथे अचानक स्टिकने बाण हलू लागतो आणि माणूस चक्रावतो. अशा गेमच्या वेळी ती बंद ठेवा.

### स्टीम लिंक वापरणाऱ्यांसाठी

इथे सेटिंग कमी आहे. पॅड टीव्हीला जोडा, ॲपच्या कंट्रोलरच्या भागात तो एकदाच दिसतोय याची खात्री करा. टीव्हीच्या यूएसबीला डोंगल आणि ब्लूटूथलाही तोच पॅड, असं नको.

तपासा: स्ट्रीम चालू करा, फक्त पीसीचा डेस्कटॉप टीव्हीवर आणा, गेम नको. मूनलाइटवर असाल तर जॉय डॉट सीपीएलमध्ये आता बरोबर एक नोंद हवी. स्टीमचा नकली पॅड या यादीत दिसेलच असं नाही, त्यामुळे स्टीम लिंकवाल्यांनी स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमधली पॅडची यादी मोजावी.

## टप्पा ६: स्टीम इनपुटचा निकाल लावा

स्टीम इनपुट ही चांगली सोय आहे. पण गेमला पॅड पोचवण्याचं काम दुसरं कुणी करत असेल तर ती दुसरा दलाल ठरते.

माझा हिशेब असा. स्टीम लिंकने खेळत असाल तर स्टीम इनपुट चालू ठेवा, कारण तिथे पॅड गेमपर्यंत नेण्याची वाटच स्टीमची आहे. मूनलाइटने खेळत असाल आणि पॅड एक्सबॉक्सचा असेल तर आधी ते बंद करून बघा, बहुतेक गेम तेवढ्यावर सुधारतात. पीसीला थेट ड्युअलसेन्स जोडला असेल आणि गेम त्याला स्वतःहून ओळखत असेल, तरीही बंद. गेम फक्त एक्सबॉक्सचाच पॅड ओळखत असेल तर चालू.

हे प्रत्येक गेमपुरतं बदलता येतं: लायब्ररीत गेमच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग कंट्रोलर. तिथे तीन पर्याय असतात: नेहमीची सेटिंग वापरा, स्टीम इनपुट बंद, स्टीम इनपुट चालू. सगळ्या गेमना एकदम लागू होणारी सेटिंग बदलू नका. एका गेमसाठी केलेली ढवळाढवळ दुसऱ्या चार गेमना भोवते, आणि तेव्हा आपण काय बदललं होतं ते आठवत नाही.

ए आणि बी उलटे लागत असतील तर स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये निन्टेंडोची बटणरचना वापरण्याची खूण लागलेली आहे का बघा. मूनलाइटमध्येही ए-बी अदलाबदलीचा पर्याय आहे. दोन्हीकडे खूण असेल तर दोन अदलाबदलींनी सगळं सरळच वाटतं, आणि एक काढली की बिघडतं. दोन्ही काढा, मग गरजेप्रमाणे एकच लावा.

आता माउसच्या बाणाची तक्रार. स्टीमला कुठलाही गेम पुढे दिसत नसला की ते पॅडला 'डेस्कटॉप लेआउट'वर टाकतं: उजवी स्टिक म्हणजे माउस, ट्रिगर म्हणजे क्लिक. स्टीमबाहेरचा गेम, किंवा आधी स्वतःचा लाँचर उघडणारा गेम असेल तर स्टीमला गेम सुरू झाल्याचं कळतच नाही. मग एकाच दाबाने पॅडही हलतो आणि माउसही. पडद्यावरची चिन्हं कीबोर्ड आणि पॅड यांच्यात सतत लुकलुकत असतील तर हाच रोग. मूनलाइटवरून स्टीमबाहेरचा गेम खेळताना स्टीम सरळ एक्झिट करून टाका. स्टीम चालू ठेवायचंच असेल तर त्याच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये जाऊन डेस्कटॉप लेआउट बंद करा.

सावधान: लाँचर किंवा गेम 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने चालत असेल आणि स्टीम साध्या परवानगीने, तर स्टीमचा पॅड त्या गेमपर्यंत पोचत नाही. गेमच्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कंपॅटिबिलिटी'खालची ती खूण काढा.

## टप्पा ७: मधल्या बटणाचे तीन मालक

एक्सबॉक्स किंवा पीएस बटण दाबलं की टीव्ही म्हणतो होम स्क्रीनवर जा, विंडोज गेम बार (गेमवर येणारी स्वतःची पट्टी) उघडतं, आणि स्टीम स्वतःला पुढे आणतं. भर लढाईत अंगठा लागला की गेम गायब.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये गेमिंग, तिथे गेम बार, आणि कंट्रोलरच्या बटणाने तो उघडण्याची खूण काढा. स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमधली मधल्या बटणाने स्टीम पुढे आणण्याची खूण स्टीम लिंकवाल्यांनी ठेवावी, मूनलाइटवाल्यांनी काढावी.

टीव्हीचं काय? बऱ्याच टीव्हींत हे बटण टीव्हीकडून सोडवून घेता येत नाही. त्यावर सनशाइनमध्ये उपाय आहे. इनपुटच्या त्याच भागात 'होम किंवा गाइड बटण इम्युलेशन टाइमआउट' आहे. मुळात तिथे उणे १ असतो, म्हणजे बंद. तिथे २००० टाका. आता बॅक किंवा सिलेक्ट बटण २ सेकंद दाबून धरलं की पीसीला मधलं बटण दाबल्यासारखं वाटेल, आणि टीव्हीला काहीच कळणार नाही.

## टप्पा ८: रोजचा क्रम

इथवर नीट केलं आणि तरी कधी चालतं, कधी नाही असं होत असेल, तर चालू करण्याचा क्रम चुकतोय.

१. पीसी चालू, लॉगिन झालेला.

२. टीव्ही चालू, मग पॅड. पहिल्या वाटेने खेळत असाल तर टीव्हीच्या मेनूत पॅड हलतोय ना ते बघा.

३. स्ट्रीमिंग ॲप.

४. शेवटी गेम.

बरेच गेम फक्त सुरू होताना पॅड मोजतात. गेम आधी आणि पॅड नंतर असं केलंत तर त्यांना पॅड दिसत नाही, आणि पुन्हा आपण सेटिंगमध्ये शिरतो.

चहाला उठताना गेम थांबवून गेलात तरी हे लक्षात असू द्या: एक्सबॉक्सचा वायरलेस पॅड १५ मिनिटं हात लागला नाही की स्वतः बंद होतो. परत चालू केल्यावर नकली पॅड नव्याने बनतो, कधी वेगळ्या जागेवर. गेम त्याला ओळखत नसेल तर गेम सेव्ह करून बंद करा आणि फक्त चौथी पायरी पुन्हा करा. मागच्या टप्प्यांतलं काही बदलू नका.

## टप्पा ९: दोघं-तिघं खेळणार असतील

गणपतीला भावंडं जमली, प्रत्येकाच्या हातात पॅड. इथे एक्सइनपुटची ४ जागांची मर्यादा आडवी येते. दुहेरी पॅडची गडबड शिल्लक असेल तर दोन माणसांतच चारही जागा भरतात आणि तिसऱ्याचा पॅड 'खराब' ठरतो. तो खराब नसतो. टप्पा १ आणि ४ पुन्हा करा.

जोडण्याचा क्रम म्हणजे खेळाडूंचा क्रम. ज्याला 'प्लेयर १' व्हायचंय त्याने आधी पॅड चालू करून एक बटण दाबायचं, मग दुसऱ्याने. स्टीमच्या बिग पिक्चरमध्ये (टीव्हीसाठीच्या पडदाभर मेनूत) मधलं बटण आणि ए एकत्र दाबून उघडणाऱ्या पट्टीत पॅडचा क्रम नंतरही बदलता येतो.

पाहुण्यांचे पॅड सहसा स्वस्तातले असतात. त्यातल्या बऱ्याच पॅडना एक्स आणि डी असे दोन मोड असतात, खालच्या बाजूच्या सरकत्या बटणाने किंवा मधलं बटण काही सेकंद दाबून बदलणारे. डी मोडमधला पॅड बऱ्याच नव्या गेमना दिसत नाही. एक्सवर आणा. ८बिटडोच्या काही पॅडवर हा मोड चालू करतानाच ठरतो: स्टार्ट आणि एक्स एकत्र दाबून चालू केला की एक्सइनपुट.

ब्लूटूथवर एकाच टीव्हीला तीन पॅड आणि वर हेडफोन, हा भार बऱ्याच टीव्हींना झेपत नाही. एक पॅड तरी केबलने लावा, आणि आवाज टीव्हीच्या स्पीकरवर घ्या.

## पॅडचं भांडण नसतं तेव्हा

बटण एकदाच लागतं, योग्य खेळाडूला लागतं, पण उशिरा लागतं किंवा मध्येच दाबलेलंच राहतं, तर वरच्या कुठल्याही टप्प्याने फरक पडणार नाही. हा नेटवर्कचा किंवा रेडिओचा त्रास आहे. दादर-परळच्या कुठल्याही इमारतीत वायफायची यादी उघडली तर शेजाऱ्यांच्या नावांनी पडदा भरतो, आणि २.४ गिगाहर्ट्झवर हे सगळे तुमच्या ब्लूटूथच्याच पट्ट्यात बोलत असतात. टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर न्या. शक्य असेल तर पीसी तरी राउटरला लॅन केबलने जोडा. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, पण मूनलाइट १०८०पी ६० फ्रेमसाठी मुळात २० एमबीपीएस धरतं, तेव्हा केबल असेल तर ते पोर्ट बिनधास्त वापरा. टीव्हीचा गेम मोड चालू करा. मग पुन्हा खेळून बघा.

विंडोजचं मोठं अपडेट आलं, डीएस४विंडोज कुणी पुन्हा बसवलं किंवा घरात नवा पॅड आला, तर थेट टप्पा १ ची मोजणी करा. गेमची सेटिंग तोवर उघडू नका.